कानाकडे बघत केलेला सौदा

माणूस समोर येऊन बसला की मी त्याच्या कानाकडे बघतो. कानाकडे बघितलं तर चेहरा बाजूला थोडाफार दिसतो. थेट चेहऱ्याकडे बघितलं की चेहराच जातो. पागोटं राहतं, खांदे राहतात, मधे राखेच्या रंगाचा डाग. नव्या माणसाला वाटतं, याला गुर्मी आहे, बोलतो आपल्याशी आणि बघतो भलतीकडे. जुन्यांना कारण ठाऊक आहे, पण जुने आता येत नाहीत.

मी बैलांचा व्यापारी. अठ्ठेचाळीसच्या पोलीस अॅक्शननंतर माझे वडील मेंढरं घेऊन या बाजूला आले आणि जन्मभर दुसऱ्यांच्या रानात मेंढरं बसवत राहिले. मी मेंढरं सोडून गुरांच्या बाजारात शिरलो. आधी दुसऱ्यांची जनावरं धरून उभा राहिलो, मग दलाली केली, मग स्वतःची दावण केली. गारखेड्यातलं घर मी बांधलं, कोणी दिलं नाही. हे मी फार वेळा सांगतो म्हणून मुलगा वैतागायचा. तो आता पुण्याला असतो. त्याची आई गेल्यापासून घरात हे ऐकणारंही कोणी नाही.

छावणीच्या गुरुवारच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नसत. खांद्यावरचा रुमाल हातांवर टाकायचा, त्याखाली दोघांनी एकमेकांची बोटं धरायची आणि आकडा सांगायचा. भोवती माणसं उभी असतात, कोणाला काही कळत नाही. नवख्याला वाटतं, सगळा सौदा बोटांत आहे. बोटं फक्त आकडा सांगतात. समोरचा अजून चढेल की उठून जाईल, हे त्याची पापणी सांगते, ओठाचा कोपरा सांगतो. मी त्यावर पोट भरलं, घर बांधलं.

माझा एक भागीदार होता. फुलंब्रीकडचा, घरचा जमीनदार, वयानं माझ्याहून मोठा. मी त्याला दादा म्हणायचो. तो मला शेठ म्हणायचा, थट्टेनं, कारण माझ्या पायात चप्पल नव्हती तेव्हापासून तो मला ओळखत होता. जनावराची चाल आणि खूर तो बघायचा. दात मी बघायचो, आणि विकणारा माणूसही मीच बघायचो. वीसेक वर्षं आमचं असं चाललं. माझा आवाज चढला की तो म्हणायचा, "शेठ, बैल बहिरा नाय."

मग मला चाळिशी लागली. लांबचं लख्ख दिसायचं, पण बैलाचं तोंड उघडून दात बघायचे तर चष्मा लागायचा. दातांवरून जनावराचं वय कळतं. सगळे दात येऊन जबडा जुळला की बैलाचं वय झालं, तो निम्म्या भावाचा. मी खिशातून चष्मा काढून लावला की कोणीतरी ओरडायचंच, "शेठ, दात बघता का पेपर वाचता?" लोक हसायचे. गिऱ्हाईकही हसायचं, आणि हसलेलं गिऱ्हाईक भाव पाडून मागतं. मी चष्मा खिशातच ठेवू लागलो.

दादालाही चाळिशी होती. त्यानंच हर्सूल तलावावरच्या माणसाची बातमी आणली. कुठल्याशा नोकरीतून निवृत्त झालेला, पांढऱ्या कपड्यातला गोड बोलणारा माणूस. सकाळी तलावाच्या कडेला लोकांना उभं करायचा आणि उगवत्या सूर्याकडे पापणी न हलवता बघायला लावायचा.

"चष्मा जातो," पहिल्याच सकाळी तो माणूस आम्हाला म्हणाला. "औषध नाही, पथ्य नाही."

"फी काय?" मी विचारलं.

"सूर्य फी घेतो का, भाऊ?"

जन्मात मी एवढी एकच गोष्ट घासाघीस न करता घेतली.

आम्ही दोघं जायला लागलो. तो माणूस म्हणायचा, सूर्य तांबडा आहे तोवरच बघा, हळूहळू वेळ वाढवा, डोळ्यांतून पाणी आलं तर घाण निघते आहे असं समजा. मला वाटलं, तांबडा असेतोवर हे सावलीत वाढलेल्यांसाठी. माझं सगळं लहानपण उन्हात मेंढरांमागं गेलं. मी तो पिवळा होईपर्यंत बघायचो, मग पांढरा होईपर्यंत. दुखत काहीच नव्हतं. दुखलं असतं तर थांबलो असतो. आजूबाजूचे लोक माझ्याकडे वळून बघायचे आणि मला ते आवडायचं.

एका सकाळी दादा आला नाही. दुपारी म्हणाला, "पोरीच्या सोयरिकीचं चाललंय, शेठ. सकाळचं जमणार नाय आता." मी म्हटलं, बरं. एकटाच जाऊ लागलो.

पुढं एका गुरुवारी मी एक खिल्लार बैल घेतला. चष्मा न लावता तोंड उघडून बघितलं. दात नीट दिसले नाहीत. मधे काहीतरी पुसट होतं, पण मला वाटलं सकाळचं तेज अजून डोळ्यांत आहे. अजून दोन दात यायचेत असं धरून मी तरण्या बैलाचा भाव दिला. दावणीला बांधल्यावर दादानं त्याचा जबडा उघडला आणि तसाच धरून राहिला.

"शेठ, हा तर जुळलाय."

"काय सांगतो!"

"ये, बघ की."

मी चष्मा लावून बघितलं. चष्म्यातूनही तो डाग होता. मी मान वाकडी केली तेव्हा कडेकडेनं सगळे दात दिसले. जुळलेले, झिजलेले.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई माझ्या मुलाच्या वयाच्या होत्या. डोळ्यांत औषध घालून त्यांनी बराच वेळ आत बघितलं.

"सूर्याकडं बघत होतात का?"

"बाजारातली धूळ गेली असेल."

"धुळीनं असा चट्टा पडत नाही, काका."

मग मी सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "लहानपणी भिंगानं कागद जाळलाय का? तसंच झालंय. डोळ्यात भिंग असतं आणि मागं पडदा. आपण ज्याच्याकडं रोखून बघतो ते पडद्याच्या बरोबर मधे येतं. तिथंच भाजलंय. त्या पडद्याला दुखणं कळत नाही, म्हणून तुम्हाला कळलं नाही."

"इलाज सांगा. खर्चाचं बघतो मी."

"भाजलेल्यावर इलाज नाही. काही महिन्यांत आपोआप थोडं सुधारेल, कुणाचं जास्त सुधारतं. तुमचं फार भाजलंय. आणि चाळिशी हा आजार नव्हता, वयानं सगळ्यांनाच लागते. ती सूर्यानं जाणार नव्हतीच."

"एक डोळा तरी पूर्ववत करून द्या."

"इथं सौदा नाही हो, काका," त्या म्हणाल्या, आणि माझ्या दंडाला धरून त्यांनी मला दारापर्यंत पोचवलं.

हे सगळं मी दावणीवर येऊन दादाला सांगितलं. आम्ही चहा पीत होतो. तो सहज बोलावं तसा बोलला, "मलाबी तसाच डाग दिसत व्हता. आठवडाभर राहिला, मग गेला. म्हणून तर सोडलं मी."

"कधी?"

"ते सोयरिकीचं सांगितलं व्हतं ना, तव्हा."

"मग सोयरीक?"

"सोयरीक कुठली. पोरगी शाळेत जाती अजून."

"मग मला सांगायला तोंड शिवलं होतं तुझं?"

"तू हसला असतास, शेठ. सगळ्या बाजारात सांगत फिरला असतास, दादा सूर्याला भ्याला म्हणून."

हसलो असतो, यात शंका नाही. बाजारातही सांगितलं असतं. पण दुसऱ्या दिवशी तलावावर उभं राहिल्यावर मला त्याचा डाग आठवला असता. एवढंच मला हवं होतं. वीस वर्षं आम्ही एकमेकांना जनावराची खोड सांगत आलो, न सांगितलेली एकही खोड मला आठवत नाही. उरलेला चहा मी त्याच्या पायापाशी ओतला आणि उठलो. त्याच आठवड्यात दावण वेगळी झाली. तो जुळलेला खिल्लार मी माझ्या वाट्याला मागून घेतला.

डाव्या डोळ्याचं पुढं थोडं सुधारलं, उजव्याचं नाही. पडायला होत नाही, रस्ता दिसतो, गजबजलेला क्रांती चौकही ओलांडता येतो. फक्त माणसं गेली. लग्नात ओळखीचे समोरून येतात, मी बोलत नाही असं बघून तेही निघून जातात. त्यांनी आवाज दिला तर मी ओळखतो, पण आवाज पहिल्यांदा मीच द्यायचा असा माझा बाजारातला लौकिक होता. मुलाचा फोन आला की बरं वाटतं. फोनवर मी इतरांसारखाच असतो.

पुढच्या पावसाळ्याआधी मी तो खिल्लार घेऊन छावणीत गेलो, एकटाच. मला बघायचं होतं, की मला अजून बाजारात बसता येतं का. एक व्यापारी आला, त्यानं बैलाचे दात बघितले आणि रुमालाखाली हात घातला. आकडा कमी होता, पण रास्त होता. तो अजून चढेल का, हे कळायला मला त्याचा चेहरा हवा होता. मी त्याच्या कानाकडे बघितलं.

"क्या शेठ, नजर कायको चुरारे? माल में खोट है क्या?"

भोवतीचे हसले. तो म्हणाला, सोचके बताव, आणि बाजूला जाऊन उभा राहिला.

तेवढ्यात दुसरं कोणीतरी समोर उकिडवं बसलं आणि न बोलता रुमालाखाली हात घातला. करंगळी वाकडी होती. बैलानं दाव्याला झटका दिला तेव्हा माझ्यासमोर मोडलेली करंगळी. दादानं माझी बोटं धरली आणि आकडा सांगितला. त्या बैलाला मी चुकून दिला होता तोच भाव. जुळलेल्या बैलाला तरण्याचा भाव. पुन्हा एकदा तोच आकडा दाबला, म्हणजे चूक नव्हती.

मी हात काढून घेतला. त्या पहिल्या व्यापाऱ्याला हाक मारली आणि त्याचाच आकडा सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठ्यानं बोलून त्याला बैल दिला.

दादा उठला, पण लगेच गेला नाही. मी आधी त्याच्या एका कानाकडे बघितलं, मग दुसऱ्या, मग पागोट्याच्या काठाकडे. मला त्याचे डोळे हवे होते. तो खजील होऊन आला होता, की आंधळ्यावर दया करायला, एवढंच मला बघायचं होतं. खजील असता तर मी त्याला बस म्हणालो असतो. त्यानं रुमाल झटकला, खांद्यावर टाकला आणि तो गर्दीत गेला.

त्यानंतरही मी काही गुरुवार छावणीत जाऊन बसलो. तो समोरून गेला असेल, थांबलाही असेल. बोलल्याशिवाय मला कळलं नसतं, आणि कोणी बोललं नाही.