कानखुणेचं काडतूस

आमच्या घरची रायफल आजोबांना कालव्याच्या कामावरच्या एका गोऱ्या साहेबाने दिली होती. मेंढरांच्या राखणीसाठी. लायसन पुढे वडिलांच्या, म्हणजे आबांच्या नावावर आलं आणि ती बाळगायची मुभा असलेला राखणदार म्हणून त्यात माझं नाव लागलं. पण तिची काडतुसं बनायची कधीच बंद झाली होती. त्या जुन्या काडतुसाची दारू पेटायची ती बुडाच्या कडेवर घाव बसून. नवी काडतुसं पेटतात ती बुडाच्या मधोमध बसवलेल्या टिकलीवर. त्यामुळे आमची रायफल खंडेनवमीला हळदकुंकू लावून घेण्यापुरती उरली होती.

मी कारखान्याच्या स्टोअरला होतो. तिथे नटबोल्टचीही नोंद ठेवायची सवय, ती घरातही आली. नव्वद सालानंतर आबांची नजर गेली. एका खंडेनवमीला ते म्हणाले, "दिसत तर न्हायच, पर तिचा आवाज एकदा ऐकू दे." त्याच दिवशी मी वही सुरू केली. पहिल्या पानावर कामं लिहिली : परवानगी, मिस्त्री, पितळ, शिसं, चाचणी.

परवानगीला आठ महिने गेले. मिस्त्री बारामतीत सापडला. त्याचं बंदूक दुरुस्तीचं रीतसर दुकान होतं, लेथवर हात असा की पितळाला लोण्यासारखं वळवायचा. रायफलीच्या ठोक्याची सुई कडेवर पडायची ती मध्यावर आणायची, हे मुख्य काम. त्याने जुनं भोक बुजवलं, नवं पाडलं. दुसऱ्या मापाच्या काडतुसांची रिकामी पितळं कापून आमच्या मापाची केली, एकूण बारा. एकेका पितळात टिकली बसवायची, दारू भरायची, गोळी दाबायची, लायसनवाल्या चाचणीच्या जागेत मातीच्या बांधावर उडवायची आणि पितळ परत तपासायचं. कुठलं फुगलं, कुठलं चिरलं, सगळं मी वहीत लिहायचो. तो हसायचा.

"स्टोअरवाले, शिंकलो तरी लिवताय का?"

"किती वेळा, ते सांगा."

दोन वर्षं दर रविवारी मी त्याच्या दुकानात होतो. त्याच्या डब्यातली भाकरी खाल्ली. त्याच्या मुलीच्या लग्नात वाढपाची यादी मी केली. मला सख्खा भाऊ नाही. त्या दोन वर्षांत ती उणीव जाणवली नाही, एवढंच सांगतो.

पितळं कुणाच्या मालात मिसळू नयेत म्हणून मी प्रत्येकावर नंबर कोरला आणि बुडाच्या कडेला कानसीने आमची कानखूण केली. मेंढराच्या कानाला प्रत्येक घराची वेगळी खाच असते; आमची डावीकडे एक, उजवीकडे दोन. चोरीला गेलेलं मेंढरू दहा कळपांत मिसळलं तरी त्यावरून ओळखू येतं. पितळावर अशी खूण करणारा शहाणा मीच असेन.

काम पुरं झालं त्या वर्षीच्या खंडेनवमीला आबांनी आवाज ऐकला. रानाच्या कडेला उभे राहून, कानावर हात न ठेवता. "हीच," म्हणाले.

दिवाळीनंतर सुई थोडी अडकायला लागली. मी रायफल मिस्त्रीकडे नेली. माझा वहीतला नियम होता, रायफल आणि भरलेली काडतुसं एका जागी ठेवायची नाहीत. आबांचाही एक नियम होता, रायफल एक रातही घराबाहेर राहायची नाही; त्या दोन वर्षांतही मी ती रविवारी नेऊन सांजेला परत आणायचो. मिस्त्री म्हणाला, "आठ दिस लागतील. चार काडतुसं ठेवून जा, उडवून बघाया लागंल." मी ठेवून आलो. पावती मागितली नाही. त्याच्याकडे मागायची लाज वाटली. घरी आबांनी विचारलं, "आणली का?" मी म्हणालो, "आणली. कपाटात हाय." पावती नसली तरी वहीत लिहिलं : रायफल मिस्त्रीकडे, सोबत नंबर नऊ ते बारा.

रायफल परत आली तेव्हा उडवलेली पितळं तीनच होती. चौथं चिरलं म्हणून वितळवलं, म्हणाला. मी तसं लिहून घेतलं.

पंधरवड्याने माझा चुलतभाऊ, जो अजून कळप घेऊन माळावर फिरतो, निरवांगीला आमच्या घरी आला. आबांच्या समोरच त्याने पटक्याच्या शेवातून पितळ काढून माझ्या हातात दिलं.

"दादा, हे तुमचंच न्हवं? आपली खूण हाय. चिंकारा मारलाय माळावर. मुंडकं नेलंय, बाकीचं तसंच टाकलंय."

नंबर अकरा. ते अजिबात चिरलेलं नव्हतं.

मी दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने बारामती गाठली. मिस्त्री लेथ चालवत होता. पितळ समोर ठेवलं तरी त्याने यंत्र बंद केलं नाही.

"पुण्याचे पाव्हणे होते," तो म्हणाला. "लई मागं लागले. जुन्या रायफलीची हौस. हरणाचं येवढं काय घेऊन बसलाय?"

"ठाण्यात हेच सांगशील?"

"मी कशाला सांगू? बंदूक तुमची, काडतूस तुमचं, खूण तुमच्या घरची. माझ्या रजिस्टरात तुमची रायफल आलेलीच न्हाय. आन तुमच्या वहीवर माझी सही हाय का कुठं?" मग आवाज उतरवून म्हणाला, "चहा सांगू का?"

चहाचं विचारलं ते मला अजून विसरता येत नाही.

घरी आलो. आबा ओट्यावर बसले होते. चुलतभाऊ माळभर बोलणार हे त्यांना कळत होतं, आणि लोक म्हणतील ते म्हणतील; मला फक्त आबांनी मानायला हवं होतं की गोळी मी झाडली नाही. मी वही उघडली आणि तारीखवार वाचून दाखवलं. रायफल कधी गेली, कोणते नंबर गेले, कधी परत आली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"कपाटात हाय म्हणालास, तवा हे लिवलं व्हतंस?"

"त्याच सांजंला लिवलं."

"म्हंजे वहीला खरं सांगितलंस. मला न्हाय."

मी वही मिटली.

"आंधळ्याला कपाट काय, माळ काय," ते म्हणाले. "आता हे तरी खरं कशावरनं? अक्षर तुझंच."

दोन दिवसांनी आम्ही इंदापूरला ठाण्यात गेलो. मी सगळं लिहून दिलं, खोटं बोललो तेही. मिस्त्रीला बोलावलं, त्याचं रजिस्टर खरंच कोरं होतं. त्याच्यावर काही शाबीत झालं नाही. लायसन आबांचं, म्हणून साहेबांनी त्यांना विचारलं, मुलाचं म्हणणं तुम्हाला मान्य आहे का?

आबा म्हणाले, "बंदूक माझी. ती मला सांभाळता आली न्हाय. ठेवून घ्या." मान्य आहे की नाही, हे त्यांनी सांगितलं नाही. लायसन परत केल्याच्या कागदावर अंगठा कुठे टेकवायचा ते दाखवायला मी हात धरायला गेलो, तर त्यांनी हवालदाराचा हात धरला.

त्यानंतर ते सहा वर्षं होते. माझ्याशी भांडले नाहीत, टाकून बोलले नाहीत. फक्त काही विचारायचं असलं, मोटर बंद केली का, औषध कोणतं दिलं, की आधी मला विचारायचे. मी सांगायचो. मग थोडं थांबून तेच माझ्या बायकोला विचारायचे.