पायाच्या हाडाचा जबडा

माझा खालचा जबडा डाव्या बाजूला माझ्याच पायाच्या हाडाचा आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी पोटरीतलं बारीक हाड कातडीसकट, रक्तवाहिन्यांसकट काढलं, तुकडे करून जबड्याच्या वळणात बसवलं, पट्टी-स्क्रूनं आवळलं आणि त्याची नस गळ्यातल्या नसेला जोडली. जुना जबडा अस्वलानं फोडला. पण माझा राग अस्वलावर कधीच नव्हता. तो होता भासऱ्यावर, म्हणजे माझ्या वारलेल्या नवऱ्याच्या थोरल्या भावावर.

आमच्या गडचिरोलीकडे मोहफुलं वेचायला पहाटे जातात. प्रत्येक झाड कुणा ना कुणाचं ठरलेलं असतं, आणि झाडाजवळ जाताना हाळी घालायची, कारण अस्वलालाही मोह आवडतो. त्या पहाटे माझ्या मोहाखाली बॅटरी जळताना दिसली. उजेड आहे म्हणजे माणूस आहे, माणूस आहे म्हणजे अस्वल नाही, असं आम्ही धरून चालतो. मी हाळी घातलीच नाही. चोर कोण ते बघायला तरातरा गेले. खाली भासऱ्याची पिवळी बॅटरी पडली होती, आणि तिच्यामागून अस्वल उठलं.

माझी फुलं चोरायला आलेला हा माणूस अस्वल पाहून बॅटरी टाकून पळाला होता. ओरडला असता तर मी थांबले असते, पण मग चोरी उघडी पडली असती. माझ्या किंकाळ्या ऐकून लोक धावले, त्यांच्यात तोही आला. बॅटरी खिशात घातली आणि मला उचलून जीपमध्ये ठेवलं. गावानं त्याला देवमाणूस ठरवलं. हाळी न घालता गेली, तिचीच चूक, असं तो सगळ्यांना सांगत फिरला. चोराच्या उलट्या बोंबा. मी नाकातल्या नळीतून पेज घेत होते. दातओठ खायलाही दात उरले नव्हते.

त्याला आणखी एक भरवसा होता. आमच्यात धाकट्या भावाची बायको भासऱ्यासमोर तोंड उघडत नाही, पदर ओढून बाजूला होते. लग्नापासून मी त्याच्याशी एक शब्द बोलले नव्हते.

दवाखान्यातल्या बाईंनी बोलण्याच्या सरावाला मामा, बाबा, पाणी असले शब्द दिले होते. ओठ मिटत नव्हते, लाळ गळायची. मी ते शब्द सोडले आणि एकच वाक्य घोटलं, चुलीपुढे, धानाच्या बांधावर, रोज. सूड घ्यायचा तर स्पष्ट शब्दांत घ्यायचा होता.

पुढच्या मोसमात पहिलं फूल देवाला वाहायला गाव जमलं. कुणाचं झाड कोणतं, हे तिथंच मोठ्यानं सांगायची रीत आहे. भासरा म्हणाला, हिला आता झेपणार नाही, हिचा मोह मीच सांभाळतो. मी तोंडावरचा पदर बाजूला सारला, शिवलेलं तोंड सगळ्यांना दाखवलं आणि त्याच्या डोळ्यांत पाहून विचारलं, "माह्या मोहाखाली तुमची बॅटरी काऊन जळत होती?"

तो हसला. "काय म्हणून राह्यली ही? मले तं समजलं नाई."

"मले समजलं," मागून माझी जाऊ बोलली, त्याचीच बायको. "बॅटरी घेऊन त्या पहाटे हेच गेले होते. मले म्हणे, कोनाले सांगू नोको."

मोह माझ्याकडेच राहिला. भासऱ्यासोबत आता कुणी रानात जात नाही. पहाटे तो एकटाच हाळ्या घालत फिरतो, सोबतीला कुणीतरी ओ द्यावी म्हणून. त्याचा आवाज माझ्या झाडापर्यंत येतो. माझा जबडा आता चांगला चालतो. मी ओ देत नाही.