दह्याचा डबा आणि आत्याचं लग्न

माझ्या आत्याचं लग्न एका दह्याच्या डब्यामुळे जमलं, त्याच डब्यामुळे मोडायला आलं, आणि दोन्ही वेळा डबा माझ्या हातात होता.

आम्ही अमेरिकेत, नोव्हाय गावी आत्याच्या घरात राहतो. आत्या नर्स आहे. तिनेच आम्हाला इकडे बोलावून घेतलं. बाबा एका इंडियन ग्रोसरीची गाडी चालवतात आणि आई त्याच दुकानाच्या किचनमध्ये फराळाचं करते. घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. (आत्याच्या नर्सिंगला बाबा 'ट्रेनिंग' म्हणतात. आत्या मग बाबांचं ब्लडप्रेशर घेताना पट्टा जरा जास्त आवळते.) पहिला असल्यामुळे टॅक्स असो की तुंबलेलं सिंक, काहीही अडलं की सगळे माझ्याकडे बघतात. मी सिंककडे बघतो.

सुधाकरकाका मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, पोचले तेव्हा जेवणं उरकली होती. कार कंपनीतून रिटायर झालेले इंजिनियर. काकू जाऊन बरीच वर्षं झालेली. आत्याने उरलेला मसालेभात दह्याच्या रिकाम्या डब्यात भरून त्यांच्या हातात दिला. आता, डबा रिकामा परत करायचा नसतो हे काकांच्याही आईने त्यांना शिकवलेलं असणार. डबा चकल्या भरून आला. "घरी केल्यात," काका म्हणाले. आत्याने तोच डबा धुऊन चकल्या भरूनच पाठवला. "माझ्या हातच्या आहेत म्हणून सांग." (आत्याला चकल्या करताना मी कधी पाहिलं नव्हतं. पण मी दिवसभर कॉलेजात असतो.)

तो डबा हिवाळाभर दोन घरांत फिरला. नेआण माझ्याकडे. बर्फ वितळेपर्यंत आत्या ड्यूटीला निघताना गुणगुणायला लागली होती. इतक्या वर्षांत मी तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं. मग काकांनी तिला लग्नाचं विचारलं, आणि आत्या म्हणाली, "वहिनी हो म्हणाली, की माझं हो."

नेमका त्याच आठवड्यात आम्ही सहकुटुंब एक सिनेमा बघितला. हलकाफुलका, कौटुंबिक, असं त्यावर लिहिलं होतं. हिरो आधी भामटा असतो, नायिकेच्या घरी मिठाई घेऊन जात राहतो, प्रेमात पडतो आणि सुधारतो. शेवटी सगळे नाचतात. आत्याने डोळे पुसले. मलाही जरा भरून आलं. आई मात्र रिमोट धरून तशीच बसली.

"सुधारला हे कशावरून?"

"अगं, कबूल केलं ना त्याने सगळं," बाबा म्हणाले.

"पकडल्यावर!"

मग तिची नजर टेबलावरच्या डब्यावर गेली. "एकटा माणूस, त्यातून इंजिनियर, आणि चकल्या करतो?" तिने एक चकली मोडली, चावली, डोळे मिटले. "मोहन कमी पडलंय. भाजणी खमंग नाही. तरी हा सराईत हात आहे. ह्याचा नव्हे." आणि माझ्याकडे वळून, "तू कॉलेजात जातोस ना? शोध लाव."

मी गेलो. खोटं बोलायची सवय नसल्याने दारातच म्हणालो, "काका, तुमचा सोऱ्या बघू? प्रोजेक्ट आहे."

"कसला प्रोजेक्ट?"

"चकलीचा."

काका जरा घुटमळले. "डिशवॉशरमध्ये असेल." (आपल्या लोकांच्या डिशवॉशरमध्ये भांडी धूत नाहीत, ठेवतात.) मी उघडला. आत सोऱ्या नव्हता. चकल्यांच्या पिशव्या होत्या, तोंडाला लाल फीत बांधलेल्या. ती गाठ मी ओळखतो. माझ्या आईची गाठ आहे ती!

काका स्टुलावर बसले. "दुकानातून आणतो रे. तिला सांगू नकोस. डबा रिकामा कसा पाठवू? आणि पाठवलाच नाही, तर तो परत कसा येईल?"

मी डिशवॉशर बंद केला. घरी आलो, तर आत्या आईच्या चकल्यांच्या बरणीत कोपरापर्यंत हात घालून उभी!

"वहिनीला सांगू नकोस हं, बाळा!"

मी कुणालाच काही सांगितलं नाही. आईला म्हणालो, "अभ्यास चालू आहे." कॉलेजात मी हेच शिकलोय.

रविवारी आईने काकांना जेवायला बोलावलं आणि त्यांच्यासमोर मळलेली भाजणी अन् सोऱ्या ठेवला. "सुधाकरराव, तुमच्या हातची ताजी चकली खायचीय."

काकांनी सोऱ्या चारी बाजूंनी पाहिला. "मेकॅनिझम सोपं आहे," असं पुटपुटले आणि दाबला. खालची चकती निसटली आणि पिठाचा गोळा धप्पकन ओट्यावर!

"अहो, असं नाही, द्या इकडे!" आत्या त्यांच्या मदतीला धावली आणि तिने चकती दांड्याच्या बाजूने बसवायला घेतली. आईने गॅस बंद केला.

त्या शांततेत मला वाटलं, आपण काहीतरी बोलून वातावरण निवळवावं.

"आई, चिडू नकोस. दोघांच्याही चकल्या तुझ्याच आहेत!"

वातावरण निवळलं नाही.

बाबांनी बराच वेळ हिशोब लावला. "म्हणजे तुझ्याच चकल्या नोव्हायभर फिरून आपल्या टेबलावर यायच्या?" ते म्हणाले. "मग मोहन कुणी कमी घातलं?"

आईने त्यांच्याकडे अशी नजर टाकली, की ते उठून उगीचच सिंक तुंबलंय का बघायला गेले.

"तुम्ही मला फसवलंत," आत्या हळूच म्हणाली.

"हो," काका म्हणाले. "तुम्हीसुद्धा."

आत्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी डबा चोरी केल्यासारखा पोटाशी धरून उभा होतो. काका दारापर्यंत गेले, बूट घातले, आणि परत वळून त्यांनी माझ्या हातातून डबा घेतला.

"हा रिकामाच नेतो," ते आत्याला म्हणाले. "आणि उद्या रिकामाच परत आणतो. आणू?"

आत्याने डोळे पुसले. मग म्हणाली, "या."

"पण सुधारले हे कशावरून?" आई म्हणाली. आवाज मात्र अर्ध्यावर आला होता.

"वहिनी, आपल्याकडे रिकामा डबा घेऊन यायला माणसाला किती धीर लागतो?" आत्या म्हणाली.

आईने पुन्हा गॅस लावला. "बूट काढा," ती काकांना म्हणाली. "जेवून जा."

उन्हाळ्यात लग्न झालं. फराळ आईचा, आणि तसं तिने येणाऱ्या प्रत्येकाला स्वतः सांगितलं. या सगळ्यातून मी पुष्कळ शिकलो, असं मला प्रामाणिकपणे वाटत होतं.

मग गेल्या आठवड्यात वर्गातल्या एका मुलीला मी दह्याच्या डब्यातून आईच्या चकल्या दिल्या. "तू केल्यास?" तिने विचारलं. मी हो म्हणालो. शनिवारी ती शिकायला येतेय. आईला फोन करून विचारलं, मोहन म्हणजे नक्की काय.

कॉलेजात जाणारा मी घरातला पहिला. चकलीत मात्र तिसरा.