पेरूवरचे पांढरे पाहुणे

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. शेवटी शेवटी माझ्याकडे बघवणार नाही तुम्हाला!

अमेरिकेतून शेती शिकून मी शहाडला काकांच्या वाडीत उतरलो, तेव्हा स्वतंत्र देश नवा होता आणि मी त्याहून नवा. काकूच्या पेरूला खवले कीड लागली होती. फांद्यांना खवले चिकटलेले, पानं काळवंडलेली. काका कोयता घेऊन उभे!

"तोडतो. नाहीतर सगळ्या वाडीत पसरेल."

"अहो, या घरात आले तेव्हा लावलाय मी तो!" काकू रडवेली झाली.

मी मध्ये पडलो. "कोयता नको, फवारा नको. किडीला खाणारे किडे आणतो!"

"किड्यांवर किडे?" काका म्हणाले. "दिवाळीपर्यंत थांबतो. मग ऐकणार नाही."

बंगळूरहून पार्सलने तपकिरी भुंगेरे मागवले. झाडावर सोडताना भाषणही केलं. श्रोते दोन.

पुढे एका सकाळी बघतो तर काय! फांद्यांवर पांढरे, लोकरी अंगाचे किडे वळवळतायत. खवल्यांहून मोठे! नवीच कीड!

"काकू, बादली! साबण! घासलेट!"

"अरे, फवारा नको म्हणालास ना?"

"आता वेळ नाही, काकू!"

तिनं पदर खोचला. दिवसभर आम्ही चिंध्यांनी फांद्या पुसल्या. एक किडा तेवढा खवल्यांच्या डहाळीसकट बरणीत ठेवला. नव्या किडीला माझं नाव देतील, अशी आशा होती हो!

दिवाळीला काका कोयता घेऊन आलेच. मी बरणी पुढे केली. "या नव्या किडीनं घात केला, काका."

काकांनी बरणी उजेडात धरली. पांढरं काहीच नाही! डहाळी स्वच्छ, आणि तिच्यावर एक तपकिरी भुंगेरा ऐटीत फिरतोय.

"हा तर तूच आणलेला."

म्हणजे ती पांढरी लोकर भुंगेऱ्यांची पिल्लं होती! कॉलेजात पिल्लं दाखवली, त्या दिवशी मी दुसऱ्या गावी 'भारतीय शेतीचं भवितव्य' या विषयावर बोलत होतो.

घासलेटनं सोललेले काकूचे हात मला बघवेनात. तिनं झाडाच्या शेंड्याकडे बोट केलं. तिथवर आमचे हात पोचले नव्हते. तिथे पांढरी पिल्लं खवले फस्त करत खाली उतरत होती.

काकांनी कोयता ठेवला. पेरू वाचला.

पण अजूनही मी त्याच्या सावलीत नुसता उभा राहिलो, तरी काकू स्वयंपाकघरातून ओरडते, "अहो, लवकर या! हा पुन्हा झाडाजवळ गेलाय!"