उपयोगाचा रकाना

त्या दुष्काळात लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं आणि उदगीरला धाकट्या भावाच्या वर्कशॉपमध्ये बोअरच्या पंपांची रीघ लागली होती. तपासणी आणि कागदपत्रं माझ्याकडे. आमची रीत एकच: गिऱ्हाईकानं नमुना ठेवायचा, आम्ही तसाच भाग करून द्यायचा. कशासाठी, हे विचारायचं नाही.

उदगीर नवा जिल्हा होणार, काम वाढणार, या आशेवर भावानं कॉम्प्युटरवर चालणारं लेथ मशीन घेतलं. मग नमुनाही येईना. फोनवर फाइल यायची. परगावच्या एका व्यापाऱ्यानं तशीच झडपेच्या चोवीस भागांची फाइल पाठवली. धातूही त्याचाच. केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाचाही फरक चालणार नव्हता. प्रत्येक भाग मी दोनदा मोजला. अठरा पाठवले, सहा उरले.

त्याच आठवड्यात नांदेडला वर्कशॉपवाल्यांची बैठक होती. तिथं एका अधिकाऱ्यानं सांगितलं, विषारी वायूच्या नाहीतर अणुबॉम्बच्या कामी येणारे झडपांसारखे काही भाग पूर्वी मोजकेच कारखाने करत, म्हणून नजर ठेवता येई. आता फाइल आणि मशीन असलं की कुठल्याही गावात होतात. "माल कशाला जातोय, ते विचारून लिहा," ते म्हणाले.

मी बसमधून उतरून थेट वर्कशॉपवर गेलो. माल पाठवतानाचा फॉर्म काढला. उपयोगाच्या रकान्यात माझंच अक्षर: बोअरचा पंप. त्या उन्हाळ्यात प्रत्येक कागदावर मी तेच लिहीत होतो, इथंही हात तसाच चालला होता. खाली माझी सही. बोअरच्या पंपाला एवढं अचूक काम लागत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं.

बैठकीतलं ऐकून भाऊ हसला. "दादा, आपुन काय पोलीस हाव का? झडप हाय ती. डेअरीत बसंल कुठंतरी."

"बसंल नको. विचार त्याला."

त्यानं व्यापाऱ्याला स्पीकरवर फोन लावला. पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "पंपासाठी असं तुम्हीच लिहिलंय की साहेब. मग पंपासाठीच."

भाऊ हसायचा थांबला.

सहा भाग मी कुलपात ठेवले. अधिकाऱ्याला पत्र लिहिलं: अठरा भाग दिले, लिहिलेला उपयोग चुकीचा, खरा माहीत नाही. भावानं ते दोनदा वाचलं आणि माझ्या सहीखाली आपली केली. पोच आली, उत्तर आलं नाही.

त्या अठरांतून कदाचित दूधच वाहत असेल. आता पंप आणणाऱ्यालाही मी विचारतो, बोअर कुठला, किती फूट.

"काका, पाणी लागू द्या, मग सांगतो," लोक चिडवतात.

मी पेन हातात धरून बसतो. सांगितल्याशिवाय रकाना भरत नाही.