मोठीच्या भुवया

बायको फाल्गुनात गेली. भाद्रपदात महालक्ष्म्या यायच्या होत्या. कुळाचार मोडायचा नाही, म्हणून सुनेने शाडूचे दोन्ही मुखवटे काढले. धाकटीचा रंग टिकला होता. मोठीचा उडाला होता, भुवया तर गेल्याच होत्या. असा उडाला की बायको रंगवायची.

सून म्हणाली, "बाबा, फ्रीगंजच्या बाजारात नवी जोडी मिळते. ही जुनी क्षिप्रेत सोडू."

"सोडायची नाही. मी रंगवतो."

मी पेंटर. चौथीपर्यंत शाळा, पुढे आयुष्यभर दुकानांच्या पाट्या. अक्षराला चपटा ब्रश लागतो. टेकवला, ओढला, उचलला, काना तयार. चेहऱ्याचा पिवळा रंग त्याने झकास बसला. वाळल्यावर त्याच ब्रशची कड धरून भुवया ओढल्या. सुरुवातीला जाड, शेवटीही तेवढ्याच जाड.

सुनेने बघितलं. "अहो बाबा, ही तर थानेदार दिसतेय!" हसली, मग म्हणाली, "राहू द्या. संध्याकाळी नवी आणते."

मी तारपिनने भुवया पुसल्या. बायकोचा बारीक ब्रश होता, पण उन्हाळ्यात मी त्याने शिलाई मशीनला तेल दिलं होतं. केस फाकले होते. तेव्हा काही वाटलं नाही. आताही काय वाटलं, सांगता येत नाही. उठलो आणि फ्रीगंजला गेलो.

रंगांच्या दुकानात ब्रश मागितला. दुकानदाराने विचारलं, "दादा, कौन सा नंबर?"

"नंबर नहीं मालूम. भौंह बनानी है."

"किसकी?"

"महालक्ष्मी की."

त्याने चार गोल ब्रश पुढे टाकले. मी एकेक पाण्यात बुडवून झटकला. तिन्हींची टोकं फुटली, एकाचं जुळून आलं. तो घेतला. पोटाला भरीव, टोकाला केसाएवढा. दाबला की रेघ जाड, उचलत नेला की बारीक. एवढी वर्षं घरात हे काम चाललं, मी एकदाही शेजारी बसून बघितलं नव्हतं.

घरी येऊन काढायला बसलो. डावी भुवई जरा वर गेली. उजवी बरी आली.

सुनेने वाकून बघितलं. "चालतंय, बाबा. हीच बसवू. आता धाकटीच्याही काढा ना, दोघी सारख्या दिसतील."

"नाही. तिच्या तुझ्या सासूने काढल्यात."

ब्रश धुतला आणि टोक जुळवून ठेवून दिला.