अकरा नंबरचे जावई

गेल्या पोळ्यानंतरच्या पहिल्या सोमवारी सकाळी साडेसहाला माझ्या थोरल्या साडूंनी बबनचं दूध परत पाठवलं. दुधात पाणी नव्हतं. फॅट सहा पॉइंट आठ होती, त्या सकाळच्या रांगेतली सर्वांत जास्त. बबन हा साडूंच्या आणि माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, म्हणजे आम्हा दोघांचाही सख्खा मेव्हणा. रक्तदाब मोजायला त्याने हात पुढे केला नाही, एवढंच कारण होतं. "हात न्हाई त दूध न्हाई," साडू म्हणाले आणि त्यांनी रांगेतल्या पुढच्या माणसाला बोलावलं.

साडूंना ओळखणाऱ्यांना यात नवल वाटलं नाही. अख्ख्या आष्टी तालुक्यात मोजता येईल अशी एकही गोष्ट या माणसाने मोजल्याशिवाय सोडलेली नाही. गावच्या दूध संकलन केंद्राचे ते सचिव आहेत आणि मला आठवतंय तेव्हापासून आहेत. इतर लोक खिशाला पेन लावतात, साडू लॅक्टोमीटर लावतात. लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्याचा ग्लास समोर आला की ती काचेची नळी बाहेर निघते आणि आजूबाजूची माणसं जेवायची थांबतात. एका भाचीच्या लग्नात त्यांनी आचाऱ्याला पंगतीत बोलावून घेतलं होतं. "पाणी वाढता ते वाढा," ते शांतपणे म्हणाले, "पण पाण्यात मीठ कावून एवढं?" आचारी अजून त्या घराचं काम घेत नाही. माणसं त्यांच्या लक्षात राहतात ती सभासद नंबराने. मी फोनवर नाव सांगितलं तर "कोण?" असं विचारतात. अकरा नंबरचे जावई, असं सांगितलं की ओळख पटते. अकरा हा आमच्या सासऱ्यांचा नंबर. साडू स्वतःही अकरा नंबरचेच जावई आहेत, हे त्यांना सांगून उपयोग नसतो.

सासऱ्यांना आम्ही दोघेही मामा म्हणतो. तीन वर्षांपूर्वी मामा याच केंद्राच्या रांगेत उभे असताना त्यांच्या उजव्या हातातली किटली सुटली. दूध सांडलं म्हणून साडू आधी ओरडले. मग त्यांनी किटलीवरून हाताकडे पाहिलं आणि हातावरून वाकड्या झालेल्या तोंडाकडे. रक्तदाब वाढून आलेल्या त्या लकव्यातून मामा वाचले. उजवा हात गेला, बोलणं दोन-तीन शब्दांवर आलं. मी वर्तमानपत्रात लिहितो, म्हणून समोरासमोर साडू मला पत्रकार म्हणतात. दवाखान्याच्या व्हरांड्यात ते मला म्हणाले होते, "पत्रकार, या माणसाच्या दुधाची फॅट मी रोज दोनदा लिवली, पॉइंटासकट. माणसाची एकदाबी न्हाई."

पुढच्याच आठवड्यात ते आरोग्य उपकेंद्रात जाऊन बसले. त्यांचं म्हणणं असं होतं की, दवाखान्यात लोक आजारी पडल्यावर येतात आणि डेअरीत बरे असतानाच दिवसातून दोनदा येतात. तर मग रक्तदाब मोजायचं टेबल डेअरीतच का नको? उपकेंद्राने यंत्र आणि गोळ्या दिल्या, केंद्राने जागा दिली, आशाताईंनी सोमवारची सकाळ दिली. यंत्राचा पट्टा काही दंडांना पुरेना, तो गावातल्या शिंप्याने वाढवून दिला. चाळिशीपुढच्या प्रत्येकाने महिन्यातून एका सोमवारी पाच मिनिटं शांत बसायचं, मग हात द्यायचा आणि मग दूध घालायचं, असा नियम ठरला.

पहिल्या सोमवारी जे झालं ते दूधवाल्यांच्या गावातच होऊ शकतं. डेअरीत आकडा जितका मोठा तितका मान मोठा. त्यामुळे एकाचा रक्तदाब एकशे ऐंशी आल्यावर रांगेतल्या लोकांनी त्याचं कौतुक केलं. "गल्लीत सगळ्यात जास्त माझाच हाय," असं सांगत तो घरी निघाला होता. आशाताईंनी त्याला फाटकापाशी गाठून परत आणलं. त्याच्या शेजाऱ्याचा आकडा एकशे अठरा होता. तो बिचारा कोपऱ्यात उभा राहून विचारत होता, "ताई, मला काय खावं लागंल?"

आकडा कमी असलेला चांगला, हे कळल्यावर लोकांनी तो कमी करायचे उपाय शोधले. काही जण फक्त रविवारी अळणी जेवू लागले. बत्तीस नंबरने तर आपल्याऐवजी धाकट्या भावाला स्वतःचा सदरा घालून पाठवलं. साडूंनी पट्टा बांधला, आकडा पाहिला, माणूस पाहिला. "म्हशीच्या किटलीत गायीचं दूध घालतो व्हय बे? जा, म्हस घिऊन ये." बत्तीस नंबर दुपारी स्वतः आला.

बबन मात्र महिनोन् महिने सुटत राहिला. सोमवार आला की तो दूध बायकोबरोबर पाठवायचा. पोळ्यानंतर बायको माहेरी गेलेली, म्हणून त्या सोमवारी त्याला स्वतः यावं लागलं, आणि पुढचं झालं. मंगळवारी त्याने दूध फाट्यावरच्या खासगी डेअरीत नेलं. बुधवारी आणखी पाच किटल्या त्याच्या मागे गेल्या. साडूंच्या बायकोने, म्हणजे आमच्या अक्कांनी, नवऱ्यापुढे काळा चहा ठेवला. "भावाचं दूध परत धाडलं न्हवं? मंग चहात कुठून आणू?" चार दिवस तो चहा काळाच राहिला. साडूंनी तो तक्रार न करता प्यायला. साखर मात्र मोजून घेतली.

गुरुवारी केंद्राची बैठक झाली. चेअरमन म्हणाले, "चांगलं दूध परत धाडायचा हक सचिवाला न्हाई. सोमवारपतुर गेलेल्या किटल्या आल्या न्हाईत, तर ते टेबल उचला." साडूंनी चूक मान्य केली. फॅटचे दर लिहायच्या फळ्यावर त्यांनी खडूने तसं लिहिलंही, सभासद नंबरासह. आणि त्याच संध्याकाळी यंत्र पिशवीत घालून ते बबनच्या गोठ्यावर गेले.

गोठ्याच्या दाराशी मामांची बाज असते. साडू बाजेवर बसले आणि मामांच्या डाव्या हाताला पट्टा बांधून रक्तदाब मोजू लागले. पंप फुसफुसला तशी आत चंद्री म्हैस बिथरली आणि तिने पान्हा चोरला. दुसऱ्या दिवशीही तेच झालं.

"दाजी, म्हस आटवता का माझी?" बबन आतून म्हणाला.

"म्हस आटली त दुसरी घिऊ," साडू म्हणाले. "मेव्हणा एकच हाय."

शनिवारी मी त्यांच्याबरोबर होतो. साडूंनी मामांच्या डाव्या हाताला पट्टा बांधला. बबन म्हशीच्या कुशीला कपाळ टेकवून धार काढत होता. तसाच, मागे न वळता, तो बोलला.

"बीडच्या डाक्टरनं बापाला बीपीच्या गोळ्या दिलत्या, दाजी. तुमाला न्हाई म्हाईत. बीडला मीच घिऊन गेलतो. महिनाभर खाल्ल्या, लई बरं वाटत हुतं. मीच म्हणलो, बरं हाय त कावून खाता? बंद केल्या. दोन महिन्यांनी किटली पडली." धारेचा आवाज थांबला. "तुमचं ते मशिन बघितलं की ती गोळ्यांची डबी दिसती मला."

मामा ऐकत होते. त्यांनी डाव्या हाताचा पट्टा साडूंपुढे धरला. "त्याला," ते म्हणाले.

साडूंनी पट्टा सोडला. बबन बादली घेऊन बाहेर आला आणि बाजेच्या कडेला टेकला. नियम पाच मिनिटांचा आहे. साडू घड्याळ बघत पाचही मिनिटं थांबले. बादलीतला फेस खाली बसला. मग आकडा आला: एकशे बहात्तर, एकशे सहा.

"मामा रोज दोनदा माझ्याम्होरं उभे ऱ्हायचे," साडू पट्टा गुंडाळत म्हणाले. "मीबी इचारलं न्हाई."

सोमवारी बबनची किटली केंद्रावर परत आली. बाकीच्या पाचांपैकी चार त्याच दिवशी आल्या, पाचवी बुधवारी. टेबल जागेवर राहिलं. उपकेंद्राच्या डॉक्टरांनी आणखी दोनदा मोजून बबनला गोळी सुरू केली. ती घरी राहिली तर बंद होईल, असं तो स्वतःच म्हणाला, म्हणून त्याची डबी केंद्रात लॅक्टोमीटरशेजारी असते. रोज सकाळी दूध घातलं की तो तिथेच गोळी घेतो. अक्कांच्या घरी चहात पुन्हा दूध आहे.

या सोमवारी सकाळी मी केंद्रावर होतो. अकरा नंबरची फॅट सहा पॉइंट सहा लागली. बबनचा रक्तदाब एकशे अडतीस, शहाऐंशी. मोटारसायकलवर त्याच्या मागे मामा बसले होते. परत जाताना रिकामी किटली त्यांच्या डाव्या हातात होती.